रणगाड्याला दुसरा हात

जेवणाच्या टेबलावर गेली अकरा वर्षं कुणी जेवलं नव्हतं. टेबल चांगलं सहा माणसांचं, भरीव लाकडाचं, वहिनींनी स्वतः दुकानात जाऊन, चारी पाय हलवून बघून घेतलेलं. मुलगी लग्न होऊन सासरी गेली आणि त्याच आठवड्यात तिच्या जागेवर पहिला रणगाडा येऊन उभा राहिला. "एकच आहे, वाळला की उचलतो," असं तेव्हा वहिनींना सांगण्यात आलं होतं. पण रणगाडे एकदा आले की पुढे सरकतात. वर्षभरात त्यांनी मिठाच्या बरणीपर्यंत मजल मारली, पुढच्या वर्षी बरणीही पडली, आणि नवरा-बायको ताटं मांडीवर घेऊन सोफ्यावर जेवायला लागली.

रणगाडे वीतभर लांबीचे, प्लास्टिकचे. सुटे भाग खोक्यातून यायचे आणि वहिनींचे यजमान ते चिमट्याने जोडून, रंगवून उभे करायचे. यजमानांची हयात एका कचेरीत पुलांची रेखाचित्रं काढण्यात गेली होती. तरुणपणी सैन्यात जायची फार हौस, पण तळवे सपाट निघाले म्हणून पहिल्याच दिवशी परत पाठवलं. तरी सगळी गल्ली त्यांना 'जनरल' म्हणायची. आयुष्यात त्यांनी कुणाला हुकूम सोडला नव्हता. घरात पाणी हवं असलं तरी ते "पाणी आहे का?" असं विचारत.

दर वर्षी ग्रंथालयाच्या सभागृहात अशा छोट्या प्रतिकृतींचं प्रदर्शन भरे. सहा वर्षं जनरलांचा दुसरा नंबर ठरलेला. पहिला दातांच्या डॉक्टरांचा.

"त्यांच्याकडे हत्यारंच तशी आहेत," जनरल म्हणायचे. "लोकांच्या तोंडात घालतात तीच रणगाड्यात घालतात."

"रणगाड्यातली तोंडात घालत नाहीत म्हणजे मिळवली," वहिनी म्हणायच्या.

त्या वर्षी मात्र वहिनींनी निर्वाणीचं सांगितलं. ताटातली वाटी कलंडून मांडीवर सांडली होती, तीही नव्या झग्यावर.

"हे बघा, यंदा पहिला नंबर आला नाही तर सगळी फौज माळ्यावर जाईल आणि टेबल माझं."

"आणि आला तर?"

"आला तर जन्मभर मांडीवर जेवीन. तोंडातून शब्द काढणार नाही."

वहिनींच्या तोंडून शब्द निघणार नाही, ही कल्पना जनरलांना बक्षिसापेक्षाही नवलाची वाटली. त्यांनी लगेच कबूल केलं.

यंदाचा रणगाडा त्यांनी विचार करून निवडला होता. जुन्या लढाईतला, बर्फातला. बर्फ पडला की हिरवा रणगाडा मैलावरून दिसतो, म्हणून त्या वेळचे सैनिक मिळेल तो चुना पाण्यात कालवून, मिळेल त्या झाडूने त्यावर फासत. तो चुना काही टिकायचा नाही. चढण्या-उतरण्याने, पावसापाण्याने झिजायचा आणि आतला हिरवा रंग डोकावायचा. हे झिजणं हुबेहूब दाखवणं हेच खरं कसब. जनरलांनी हिरव्या रंगावर मेहुणीकडून आणलेला हेअरस्प्रे मारला (तेव्हा ही चीज घरोघरी नसे, मेहुणी परदेशी जाऊन आली होती), त्यावर पांढरा रंग दिला आणि मग ओल्या ब्रशने टिपून टिपून तो जागोजागी उडवला. स्प्रेचा थर पाण्याने सुटतो आणि वरचा पांढरा पापुद्रा निघून येतो, अशी ती युक्ती. तीन आठवडे भिंग डोळ्याला लावून हे काम चाललं होतं. एका झाकणाच्या कडेचा पांढरा रंग उडवायला तर अख्खा एक दिवस लागला.

गुरुवारी रणगाडा पुरा झाला. प्रदर्शन रविवारी. आणि शुक्रवारी रंगारी आला.

घराला चुना द्यायचं वहिनींनी दोन महिने आधी ठरवलं होतं. तेव्हा भिंतींना चुनाच द्यायचे, डब्यातले तयार रंग अजून सगळीकडे पोचले नव्हते. हा रंगारी साठीचा, सडपातळ, आणि आपल्या कामाचा भारी अभिमानी. सगळे त्याला 'मामा' म्हणत. मामाकडे एक काळं जाकीट होतं. भिंत वाळली की मामा ते जाकीट अंगात घालायचा, मालकाला समोर उभं करायचा आणि भिंतीला पाठ लावून चांगला घासायचा. मग गर्रकन वळून म्हणायचा, "बघा. आहे एक ठिपका?" चाळीस वर्षांत त्या जाकिटाला पांढरा ठिपका लागला नव्हता.

शुक्रवारी सकाळी जनरल प्रदर्शनाचा अर्ज भरायला गेले. वहिनींना बाजारात जायचं होतं. जाता जाता त्यांनी मामाला सांगितलं, "मामा, या खोलीत जिथे जिथे पांढरं उडालंय ना, तिथे तिथे दोन हात देऊन एकसारखं करून टाका. मला विचारायला थांबू नका."

मामा थांबला नाही.

जनरल परतले तेव्हा खोलीत ओल्या चुन्याचा गार वास होता. भिंत दुधासारखी झाली होती. टेबलावरची फौज झाकायला घातलेली चादर एका बाजूने दुमडलेली होती, आणि तिथे एक पांढरीशुभ्र वस्तू होती. जनरलांना वाटलं, साबणाची वडी आहे. मग त्या वडीला चाकं दिसली.

"हे... हे काय?"

"झालं साहेब," मामा शिडीवरून उतरत म्हणाला. "दोन हात दिलेत. जागोजागी उडालं होतं बघा. आतला हिरवा दिसत होता."

"उडालं नव्हतं! उडवलं होतं!"

"कुणी?"

"मी!"

मामाने जनरलांकडे बघितलं. मग आजारी माणसाशी बोलावं तशा आवाजात म्हणाला, "असू दे साहेब. होतं असं. पहिल्यांदा कुणालाच जमत नाही."

"अहो, पण तोफेचं तोंड कुठे गेलं?"

"भोक होतं तिथे. लांबी भरून बुजवलं."

"आणि हा वरचा माणूस? याला कशाला पांढरा केलात?"

"त्याचा एक खांदा पांढरा होताच साहेब. दुसरा तसाच सोडला असता तर बरं दिसलं असतं का?"

जनरल मटकन खुर्चीवर बसले. खुर्चीवर चुन्याची बादली होती, ती मामाने वेळेवर ओढून घेतली.

तेवढ्यात वहिनी आल्या. पिशवी खाली ठेवायच्या आतच जनरल म्हणाले, "टेबल पाहिजे होतं ना तुला? घे. मिळालं."

वहिनींना आधी काही उमगेना. मग त्यांनी टेबलाकडे पाहिलं, मामाकडे पाहिलं, आपणच सकाळी काय सांगून गेलो ते त्यांना आठवलं, आणि त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

"म्हणजे मी हे मुद्दाम करवलं म्हणता?"

"मी काहीच म्हणत नाही. पण फायदा कुणाचा, एवढंच बघतोय."

"अकरा वर्षं मांडीवर जेवले मी! मनात आणलं असतं तर पहिल्याच आठवड्यात तुमचा पहिला रणगाडा केरात गेला असता. मला टेबल पाहिजे, पण असं नको. तुम्ही तिसरे आलात की मिळणारच आहे ते!"

"तिसरा?"

"दुसरा. काय असेल ते. मामा, उतरवा तो चुना. रविवारी हा गाडा तिथे उभा राहिला पाहिजे. नाहीतर हे जन्मभर मला ऐकवतील, आणि तेही माझ्याच टेबलावर बसून!"

चुना उतरवणं सोपं नव्हतं. मामाने ओलं फडकं फिरवलं, काही झालं नाही. ब्रशने घासलं, तरी ढिम्म. "सरस घातलाय ना," मामाच्या आवाजात काळजी कमी आणि अभिमान जास्त होता. "चाळीस वर्षांत माझा चुना कुणाला काढता आला नाही."

"मग आज तुम्हीच काढा," वहिनी म्हणाल्या आणि स्वयंपाकघरातून व्हिनेगरची बाटली घेऊन आल्या. किटलीच्या तळाचा पांढरा थर त्या त्यानेच काढत. व्हिनेगर पडताच रणगाडा फसफसला. चुना निघाला, तोफेतली लांबीही टाचणीने उकरून झाली, पण ओलावा आत जाऊन हेअरस्प्रेचा थरही सुटला आणि तीन आठवड्यांचं सगळं पांढरं काम पापुद्र्यापापुद्र्याने वाडग्यात येऊन तरंगू लागलं. शनिवारी सकाळी टेबलावर एक स्वच्छ, हिरवागार, बर्फ कधी बघितलाच नाही असा रणगाडा उभा होता. हेअरस्प्रेचा डबा रिकामा होता. मेहुणीला फोन केला तर तिने "माझा डबा घेऊन गेलात तुम्हीच?" असं दहा मिनिटं ऐकवलं. ती तो महिनाभर मोलकरणीकडे मागत होती.

मामा काम सोडून खिडकीशी बसला होता. चूक आपली आहे हे त्याला कळत होतं, पण आपलं काम चांगलं झालं हीच आपली चूक, हे काही त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं. मग तो म्हणाला, "साहेब, एक विचारू? चुना उडायलाच पाहिजे ना तुम्हाला?"

"हो."

"मग त्याला स्प्रे कशाला? वाईट चुना द्यायचा."

"म्हणजे?"

"म्हणजे चुना नीट भिजवायचा नाही. सरस घालायचा नाही. खालची धूळ पुसायची नाही. तेलरंगावर तसाच पातळ मारायचा. आपोआप उडतो." मामा बोलता बोलता उठून उभा राहिला. "दुसऱ्यांची ही सगळी पापं चाळीस वर्षं खरवडतोय मी. पहिल्यांदा कुठे उडतो, मला विचारा. दाराच्या कडीपाशी. दिव्याच्या बटणापाशी. खुर्चीची पाठ घासते तिथे. तुमचे सैनिक चढतात कुठून?"

जनरल रणगाड्यावर वाकले. "इथून. या चाकावर पाय देऊन."

"आणि हात कुठे धरतात?"

"या झाकणाला."

"उजव्या हाताने की डाव्या?"

गेल्या सहा वर्षांत हा प्रश्न जनरलांच्या मनात आला नव्हता.

तर पांढऱ्या फकीचा चुना आला. वहिनींनी तो चहाच्या गाळण्यावर जुनं पातळ फडकं घालून चाळून दिला, कारण भिंतीवर जो कण दिसत नाही तो वीतभर रणगाड्यावर धोंड्यासारखा दिसतो. मामाने जुन्या केरसुणीच्या चार काड्या दोऱ्याने बांधून इवलासा झाडू केला. श्वास रोखून त्याने एक हात मारला.

एकसारखा. नितळ. सुंदर.

"मामा, वाईट द्यायचाय."

"वाईटच देतोय साहेब."

पुसून पुन्हा मारला. पुन्हा तसाच. डाव्या हाताने मारून बघितला, तरी कड सरळच आली. मामा घामाघूम झाला. "हात ऐकत नाही साहेब. चाळीस वर्षांची सवय आहे. तुम्हीच मारा."

जनरलांनी मारला. पण त्यांचीही हयात सरळ रेघा ओढण्यात गेलेली. त्यांचा तर मामापेक्षा सरळ आला.

वहिनी दाराशी उभ्या राहून हे बघत होत्या. पाच मिनिटांनी त्यांना राहवेना. "अहो, ते सैनिक काय असे चहा पिऊन, खुर्चीत बसून चुना देत होते? थंडीने बोटं गारठलेली, वर कुणीतरी ओरडतोय, शत्रू येतोय! तुम्ही दोघं लग्नाच्या मांडवाला रंग देताय जसे."

मग वहिनी आत गेल्या आणि फ्रीजमधला बर्फ एका पातेल्यात ओतून घेऊन आल्या. "मामा, हात घाला यात."

"वहिनी, संधिवात आहे मला."

"टेबल माझं जाणार आहे, संधिवाताचं काय घेऊन बसलात! घाला."

मामाने हात घातले. "आई गं!"

"आता तुम्ही," वहिनी नवऱ्याकडे वळल्या. "ओरडा."

"काय ओरडू?"

"जनरल ना तुम्ही? मग ओरडा काहीतरी!"

जनरलांनी घसा साफ केला. "मामा, जरा लवकर करता का?"

"पाणी मागताय का!" वहिनी कडाडल्या.

आणि मग, साठ वर्षं आत दबून राहिलेलं काहीतरी जनरलांच्या सपाट तळव्यांतून निघून छातीपर्यंत आलं. ते उभे राहिले. "शत्रू टेकडीमागे आलाय! तीन मिनिटं! तीन मिनिटांत गाडा पांढरा नाही झाला तर सगळे मेलो! मागची बाजू! अरे मागची बाजू कोण देणार, तुझा बाप?"

"देतो साहेब, देतो!"

"हलव हात! बादली सांडू दे! पुढे हो!"

शेजारच्या घरातून "काय झालं हो?" अशी हाक आली. वहिनींनी "काही नाही, रंगकाम चाललंय!" असं ओरडून सांगितलं आणि घड्याळाकडे बघत "दोन मिनिटं!" म्हणून आगीत तेल ओतलं. मामाच्या बोटांना झाडू धरवत नव्हता. चुना कुठे जाड पडत होता, कुठे ओघळत होता, कुठे लागतच नव्हता. "सैनिकहो, पुढे!" अशी शेवटची आरोळी ठोकून जनरल धापा टाकत खाली बसले.

तिघांनी रणगाड्याकडे बघितलं. इतका गचाळ, इतका घाईघाईचा, इतका खरा चुना त्या घरात कधी झाला नव्हता.

वाळल्यावर मामाने सवयीने खुंटीवरचं काळं जाकीट काढलं. अंगात घातलं नाही, नुसती बाही बोटाभोवती गुंडाळली, आणि जिथे सैनिक चढत असतील, जिथे उजव्या हाताने झाकण धरत असतील, तिथे तिथे हलकेच घासत गेला. पांढरं निघालं, खालचं हिरवं उघडं पडलं. मग त्याने बाही उजेडात धरली.

"चाळीस वर्षांत पहिला डाग," तो म्हणाला, आणि बाही न झटकताच जाकिटाची घडी घातली.

रविवारी सभागृहात दातांच्या डॉक्टरांचा रणगाडाही बर्फातलाच निघाला. नीटनेटका, पोपडान् पोपडा जागच्या जागी. परीक्षक म्हणून एक सत्तरीचे वृद्ध गृहस्थ आणले होते. तरुणपणी कुठल्याशा बर्फाळ मुलुखात खरे रणगाडे दुरुस्त केलेले. डॉक्टरांच्या रणगाड्यापाशी ते अर्धं मिनिट थांबले. जनरलांच्या रणगाड्यापाशी आले, वाकले, आणि 'हात लावू नये' या पाटीच्या अगदी शेजारून बोट घालून झाकणाला लावलं.

बोट पांढरं झालं. त्यांनी ते नाकाशी नेलं.

"हा तर खरा चुना आहे."

"हो," जनरल म्हणाले.

"आमच्या कोटांची कोपरं सहा सहा महिने पांढरी असायची," म्हातारे म्हणाले. "बायको धुऊन धुऊन दमली होती." त्यांनी खिशातून रुमाल काढला, पण बोट पुसलं नाही. "कुणी दिला हा चुना?"

जनरल सरळमार्गी माणूस. कचेरीत असताना दुसऱ्याने काढलेल्या नकाशावर त्यांनी कधी आपली सही केली नव्हती. त्यांनी गर्दीत बघितलं. मामा मागे दाराशी उभा होता, काळं जाकीट घडी घालून काखेत धरलेलं. जनरलांचं तोंड उघडलेलं पाहताच मामाने दोन्ही हात जोडून जोरजोराने मान हलवली. मग गर्दीतून घुसत पुढे आला आणि जनरलांच्या कानाशी कुजबुजला, "साहेब, पाया पडतो, माझं नाव घेऊ नका! चुना बोटाला लागला म्हणून बक्षीस? उद्या मला भिंत कोण देईल?"

"एका जाणकाराने मदत केली," जनरल मोठ्याने म्हणाले. "त्यांना नाव नकोय."

पहिला नंबर आला. सगळ्यांत आधी टाळ्या वहिनींनीच वाजवल्या, आणि त्या टाळ्या वाजवताना आपण काय गमावलं हे आठवून मध्येच थांबल्या. मग पुन्हा वाजवल्या. दातांचे डॉक्टर येऊन जनरलांना बाजूला घेऊन म्हणाले, "त्या जाणकारांचा पत्ता मिळेल का?" मामा लगबगीने दाराबाहेर पडला होता.

घरी आल्यावर जनरलांनी बक्षिसाचा पेला टेबलावर ठेवला, आणि कपडेसुद्धा न बदलता रणगाडे खोक्यांत भरायला लागले.

"हे काय चाललंय?" वहिनी म्हणाल्या. "जिंकलात ना?"

"जिंकला तो मामांचा चुना. ओरडायला तू लावलंस, बर्फ तुझा, गाळणं तुझं. माझा रणगाडा कुठे जिंकला? टेबल तुझं."

"अहो, पण बोली झाली होती."

"म्हणून तर. आणि... शुक्रवारी मी तुला जे बोललो, ते बोलायला नको होतं."

वहिनींनी ओलं फडकं आणलं आणि अकरा वर्षांची धूळ पुसली.

दुसऱ्या दिवशी दोघं टेबलावर जेवायला बसली. टेबल सहा माणसांचं. सवयीने जनरल एका टोकाला बसले, वहिनी दुसऱ्या.

"मीठ देतेस?"

"काय म्हणालात?"

"मीठ!"

वहिनी उठल्या, वळसा घालून मीठ देऊन आल्या, परत जाऊन बसल्या. चमच्यांचे आवाज फार मोठे येत होते. सोफ्यावर जनरलांच्या ताटातलं काय संपलं ते वहिनींना न वळता दिसायचं, आणि वहिनींचा काही किस्सा ऐकताना जनरलांचा खांदा त्यांच्या खांद्याला लागून हलायचा. इथे दोघांच्या मध्ये लांबच लांब चकचकीत लाकूड होतं.

"मस्त आहे, नाही?" जनरल म्हणाले.

"हो ना," वहिनी म्हणाल्या.

तीन दिवस असं मस्त चाललं. चौथ्या दिवशी दुपारी जनरल फिरून आले तर सोफ्यावर दोन ताटं वाढलेली होती, शेजारी शेजारी. टेबलाच्या मधोमध पहिल्या नंबराचा रणगाडा उभा होता, आणि त्याच्यामागे बाकीची फौज मिठाच्या बरणीवर तोफा रोखून सज्ज.

"हे कुणी मांडलं?"

"मला काय माहीत? मामा आले होते सकाळी राहिलेल्या खिडकीला हात द्यायला. त्यांनी मांडलं असेल. त्यांना सवय आहे न विचारता काहीतरी करायची." वहिनी मांडीवर ताट घेऊन बसल्या. "या. निवतंय."

जनरल त्यांच्या शेजारी जाऊन बसले. फायदा कुणाचा, हे या वेळी त्यांनी विचारलं नाही. वहिनींच्या निळ्या बाहीला, अगदी कोपरापासून मनगटापर्यंत, पांढरं लागलेलं होतं.